बेघर होण्याच्या आधीची पायरी : कोल्हापूरपुरतं बोलूया

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

रात्री अकरानंतर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडचा फलाट, शाहू टर्मिनस या रेल्वे स्टेशनचा परिसर, पंचगंगा घाट आणि सीपीआर या सरकारी दवाखान्याचं आवार इथं पथाऱ्या पडतात. त्या माणसांबद्दल गावात दोनच वाक्यं ऐकू येतात : ‘दारूनं वाट लावली’ आणि ‘पोरांनी हाकललं’. दोन्ही खोटी नाहीत, पण दोन्ही शेवटची आहेत. त्याआधी काय घडतं, ते कुणी बोलत नाही.

इथं वकिली, दवाखाना, महसूल, पतसंस्था आणि निवारा या कामांतली मंडळी आहेत. प्रत्येकानं आपापल्या टेबलावरून लिहावं : आधी काय हातातून जातं, कुठला कागद, आणि कुठं अडवता आलं असतं. कुणाचं नाव नको, फोटो तर अजिबात नको.

एक व्याख्या आधीच ठरवू, नाहीतर धागा झोपडपट्टीवर घसरेल. जनगणनेत बेघर म्हणजे इमारतीत किंवा घरात न राहता रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या किंवा स्टेशनाच्या आवारात उघड्यावर राहणारं कुटुंब. राजेंद्रनगर किंवा विचारे माळ इथल्या झोपडपट्टीत राहणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. त्याचं घर कच्चं असेल, पण त्याला दार आहे. २०११ ला हे आकडे देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात २.१ लाख आले. मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. त्या रात्री जो एसटीत बसून झोपला तो कुठल्याच आकड्यात नाही.

रात्रपाळी

माझ्या मते सर्वांत मोठं दार नोकरीचं आहे, आणि त्याकडं कुणाचं लक्षच जात नाही. खानावळ, मंगल कार्यालय, वॉचमनची खोली, गुऱ्हाळ, ट्रकची केबिन, इचलकरंजीतले माग : या सगळ्या ठिकाणी पगाराबरोबर झोपायची जागा मिळते. म्हणून काम गेलं की अंथरूणही त्याच दिवशी जातं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला निदान महिनाभर उसंत मिळते. इथं ती एका रात्रीचीही नसते.

क्रम साधारण ठरलेला असतो. आठ-दहा दिवसांचं आजारपण किंवा हाताला इजा. मालक ‘बरा होऊन ये’ म्हणतो. पगाराचा काही भाग मालकाकडंच ‘साठवलेला’ असतो आणि तो अर्धाच हातात पडतो. पहिल्या तीन-चार रात्री स्टँडवर जातात, माणूस अजून स्वच्छ असतो, काम शोधत असतो. मग पिशवी चोरीला जाते. पिशवीत आधार कार्ड, औषधं आणि चार्जर. मोबाइल विकला जातो किंवा तोही चोरीला जातो. तीन महिने नंबर वापरात नसला की तो बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो, आणि आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येत असतो. आता बँक खातं असूनही त्यातले पैसे काढायची वाट अवघड झाली.

नाक्यावरचं रोजंदारीचं काम मिळायला अंघोळ झालेली लागते आणि हत्यार लागतं. थापी-ओळंबा किंवा फावडं ठेवायला जागाच नसली की तो नाक्यावर उभा राहूनही मागंच राहतो. दोन-तीन आठवड्यांनी चेहऱ्यावरूनच कळायला लागतं आणि मुकादम त्याला बोलावत नाही.

त्यामुळं हस्तक्षेपाची मुदत पहिला आठवडा. थकीत पगाराचा अर्ज सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करता येतो. लेखी करार नसला तरी हजेरीचं पुस्तक, सोबत्याचा जबाब आणि मालकानं मोबाइलवरून पाठवलेले पैसे हेही पुरावेच आहेत. मूळ आधार कार्ड मालकाकडं ठेवू नये, झेरॉक्स द्यावी. साधी गोष्ट आहे, पण पाळली जात नाही.

तांबडा_पांढरा

एक प्रश्न. ही माणसं गावी का जात नाहीत? गावी घर असतंच की.

रात्रपाळी

@तांबडा_पांढरा, घर ‘असतं’ म्हणजे भावाचं असतं. दहा-बारा वर्षं पैसे पाठवणं बंद झालं की त्याच्या वाट्याच्या खोलीत पुतण्याचा संसार मांडलेला असतो. रिकाम्या हातानं परत जायची लाज हा आणखी एक भाग.

ऊसतोडीचं गणित वेगळं. बीडकडून ऑक्टोबरच्या आसपास टोळ्या येतात. नवरा-बायकोचा एक कोयता धरतात आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. हंगामाच्या मध्यात एकाचा पाय मोडला की कोयता अर्धा होतो, पण उचल पूर्ण फेडायची असते. टोळी सोडून निघालेला माणूस गावी गेला तर मुकादम दारात उभा. म्हणून तो इथंच कुठंतरी राहतो. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि टोळ्या निघून गेल्या की ही माणसं मागं उरतात. एप्रिल-मेमध्ये स्टँडवर नवे चेहरे दिसतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

सातबारा_उतारा

म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहितो, कारण ‘पोरांनी हाकललं’ याच्या मागं जवळजवळ नेहमी एखादा दस्त असतो.

पहिला दस्त म्हणजे बक्षीसपत्र. रक्ताच्या नात्यात मुद्रांक शुल्क नाममात्र, त्यामुळं ‘नावावर करून टाका, पुढं भानगड नको’ असं घरात चालू होतं. नोंदणी झाली की त्या घरात आई-वडील मालक राहत नाहीत. सून-मुलाचं पटलं नाही, मुलानं तेच घर तारण ठेवलं किंवा विकलं की म्हाताऱ्यांना उभं राहायला कागदच नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ इथं कामाला येतं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. मात्र दस्तात ती अट हवी. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं अट दाखवून द्यावी लागेल असं म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचावा असं म्हटलं. पण त्या भरवशावर राहू नका. लिहिणाऱ्याला सांगून दस्तात सरळ घालून घ्या : ‘देणाऱ्याचा अन्न, वस्त्र, औषधोपचार यासह आजीव सांभाळ करण्याच्या अटीवर, व सदर घरात राहण्याचा देणाऱ्याचा आजीव हक्क राखून.’ या दोन ओळींना जादा खर्च नाही. त्याहून बरं म्हणजे बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं.

दुसरी जागा वारस नोंदीची. वडील वारले की तलाठ्याकडं अर्ज जातो आणि त्यात आईचं नाव ‘विसरलं’ जातं. वास्तविक विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे हिंदू वारसा कायद्यात वर्ग एकचे, म्हणजे पहिल्या हक्काचे वारस, समान वाट्याचे. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस मिळतात. प्रलंबित फेरफार ‘आपली चावडी’वर घरबसल्या बघता येतात. गावातली एखादी शिकलेली पोरगी हे दर महिन्याला बघायला लागली तरी बरंच काही अडेल. आणि शहर हद्दीत सातबारा नव्हे, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघायची. ती नगर भूमापन कार्यालयाकडं. या दोन्हींत लोक नेहमी घोळ घालतात.

ओसरी

कायदा झाला. पण सत्तरीची बाई प्रांत ऑफिसात जाणार कशी? आणि निकाल लागल्यावर त्याच सुनेच्या हातचं जेवायचं कसं?

सातबारा_उतारा

ओसरीताई, पहिल्याचं उत्तर आहे, दुसऱ्याचं नाही.

अर्ज साध्या कागदावर चालतो. तो तिच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण, म्हणजे आपले प्रांत, स्वतःहूनही दखल घेऊ शकतात. पोटगीची मर्यादा महिना १०,००० रुपये. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित, फार तर आणखी ३० दिवस. दरम्यान अंतरिम पोटगी मागता येते, आणि हेच वाक्य अर्जात लिहायचं बहुतेक जण विसरतात. अपील ६० दिवसांत. ज्येष्ठ माणसाला सोडून देणं हा कलम २४ खाली गुन्हाही आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड.

पोराविरुद्ध तक्रार करायला बहुतेक आया तयार होत नाहीत, हे खरं आहे. त्यांच्यासाठी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवरून आधी समजुतीची बोलणी लावता येतात. तेवढ्यावर भागलं तर उत्तमच.

ओसरी

मग बायकांचं मी लिहिते. रस्त्यावर बाई कमी दिसते, म्हणून ती बेघर नसते असं नाही. ती उघड्यावर झोपतच नाही. चार दिवस बहिणीकडं, आठवडा मैत्रिणीकडं, मग देवळाच्या आवारात, मग दवाखान्यात कुणाचीतरी नातेवाईक असल्यासारखी व्हरांड्यात. रात्रभर उजेडात जागी बसते आणि दिवसा एसटीच्या बाकावर पेंगते. लोकांना वाटतं, गाडीची वाट बघतेय.

आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग शासनानं परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता घालून दिला. चांगलंच झालं. पण कुंकू राहिलं तरी घरातली खोली राहते का, हा प्रश्न ठरावानं सुटत नाही. त्यासाठी वर सांगितलेली वारस नोंदच लागते.

नवरा जिवंत आहे आणि घराबाहेर काढलं, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. कलम १७ नं सामाईक घरात राहण्याचा हक्क मिळतो, घर कुणाच्याही नावावर असो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही ‘सामाईक घर’ असू शकतं हे स्पष्ट केलं. कलम १९ खाली निवासाचा आदेश मागायचा. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, फी नाही. चूक कुठं होते? बाई महिनोन्‌महिने माहेरी थांबते आणि मग अर्ज करते. तोवर समोरचा म्हणतो, ती स्वखुशीनं गेली. बाहेर काढल्याच्या दिवशीच १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलीस ठाण्यात नोंद करा. तारखेचा पुरावा फार महत्त्वाचा.

सखी केंद्रात, म्हणजे अत्याचारग्रस्त बायकांच्या सरकारी मदत केंद्रात, राहायची सोय थोड्या दिवसांचीच, साधारण पाच दिवस. पुढं शक्ती सदन, म्हणजे निराधार बायकांचं सरकारी निवासगृह. तिथं ठरावीक वयावरचा मुलगा सोबत ठेवू देत नाहीत, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोराला एकटं सोडायचं नाही म्हणून कितीतरी जणी पुन्हा स्टँडवर येऊन बसतात. या नियमाचा मला राग आहे, पण आहे तो असा आहे.

दसरा_चौक_कट्टा

सगळं बरोबर हो. पण अर्धे तर बाहेरून आलेले, भीक मागायचा धंदा करणारे. त्यांना उचलून न्यायला पाहिजे, सरळ गोष्ट.

कायदेकानू

@दसरा_चौक_कट्टा, भीक मागणारा आणि बेघर हे दोन वेगळे गट आहेत, मधे थोडेसे एकमेकांत मिसळतात. फुटपाथवर झोपणारे बरेच जण सकाळी मार्केट यार्डात हमाली करतात, कागद-भंगार गोळा करतात, लग्नात वाढपी म्हणून जातात.

‘उचलून न्या’ म्हणताना कायदा कुठला ते माहीत असू द्या. १९५९ चा भीक प्रतिबंध कायदा. त्यात उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणाराही भिकारी ठरू शकतो, म्हणजे काम शोधायला आलेलाही. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं, पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये यातल्या तरतुदी रद्द केल्या, पण तो निकाल दिल्लीपुरता. आणि उचलून नेल्यानं होतं काय? त्या दिवशीची रोजंदारी बुडते, सामान रस्त्यावर राहतं आणि ते कचऱ्याच्या गाडीत जातं. सामानात आधार कार्ड. रात्रपाळींनी वर लिहिलेला क्रम पुन्हा पहिल्यापासून.

पतपेढी_काउंटर

कर्जाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडं घर जातं ते तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी, आणि प्रत्येकावर थांबायची जागा वेगळी. लोक तिन्हींना ‘बँकेची जप्ती’च म्हणतात आणि चुकीच्या दारात धावतात.

पतसंस्थेचं किंवा सहकारी संस्थेचं कर्ज थकलं की ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला मागते. खरी सुनावणी तिथंच होते. समन्स येतं आणि कर्जदार भीतीनं जातच नाही. जा, व्याजाच्या आकारणीचा हिशेब मागा, भरलेल्या पावत्या दाखवा. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि ती असती तर गोष्ट इथवर आलीच नसती. पुढं विशेष वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणं जप्ती-लिलाव करतो. जामीनदारांनीही हे वाचावं. मित्राच्या कर्जावर सही करून स्वतःचं घर घालवणारे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत.

बँक किंवा गृहकर्ज कंपनी असेल तर सरफेसी, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं. मग कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. या साठ दिवसांत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. प्रतीकात्मक, म्हणजे कागदोपत्री, ताब्याची नोटीस दारावर चिकटली की कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस, आणि त्यासाठी पुणं गाठावं लागतं. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. वसुलीवाला फोनवर काहीही सांगो.

तिसरा रस्ता खाजगी सावकाराचा. हा सगळ्यांत वाईट, कारण कागदावर ते कर्ज दिसतच नाही, खरेदीखत दिसतं. ‘पैसे फेडलास की परत करून देतो’ असं तोंडी ठरतं. २०१४ च्या सावकारी कायद्यात जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते. चौकशीत अवैध सावकारी सिद्ध झाली तर कलम १८ खाली खरेदीखत असलं तरी मालमत्ता परत मिळू शकते. लागतं काय? घेतलेली रक्कम आणि व्याज खात्यातून गेल्याचा माग, दस्तावरची किंमत आणि बाजारभाव यांतली तफावत, आणि विकल्यानंतरही घर स्वतःच वापरत असल्याचा पुरावा : वीज बिल, घरफाळ्याच्या पावत्या. म्हणून विक्री करून दिली तरी घरफाळा स्वतःच्या नावानं भरत राहा आणि पावती जपा.

पेठेतला

वाड्यांचं राहिलं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथं जुने वाडे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते. नोटीस मालकाला, बाहेर पडायचं भाडेकरूनं. चाळीस वर्षं राहिलेल्या भाडेकरूकडं पावती नसली की वाडा पाडल्यावर तो तिथं होता हेच सिद्ध होत नाही. पाडण्याआधी आपल्या खोल्यांची मापं घेऊन, फोटोसह, महापालिकेला अर्ज देऊन पोच घ्यावी. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डरनं पाठवावं. मनीऑर्डर नाकारली तर तो शेराच पुरावा.

नव्या भाडेकरूंना एवढंच : अकरा महिन्यांचा करार नोंदवून घेणं ही १९९९ च्या कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

कंपाउंडर

आजाराकडून येतो. मानसिक आजारामुळं माणूस रस्त्यावर येतो हे खरं, पण बऱ्याचदा आजारामुळं नव्हे तर औषध तुटल्यामुळं. स्किझोफ्रेनियाची गोळी दोन-तीन महिने बंद, झोप उडते, संशय वाढतो, माणूस घरातून निघतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो. कोल्हापूर म्हणजे रेल्वेचं शेवटचं स्टेशन. गाडी इथं रिकामी होते, तेव्हा झोपलेला इथंच उतरवला जातो. तेलुगू किंवा हिंदी बोलणारा माणूस टर्मिनससमोर का दिसतो त्याचं उत्तर पुष्कळदा एवढं साधं असतं.

आणि ‘वेडा’ दिसणारा प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो. रक्तातलं सोडियम उतरलं, डोक्याला मार बसून आत रक्त साठलं, अपस्माराचा झटका येऊन गेला, थायरॉइड फार कमी झालं, म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला, तरी माणूस असंबद्ध बोलतो. त्यामुळं आधी सीपीआर, मग मानसोपचार. हा क्रम उलटा झाला की डोक्यातला रक्तस्राव चुकतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० पोलिसांना माहीत असतं, पण नागरिकांनाही असावं. भटकणारी मनोरुग्ण व्यक्ती पोलिसांनी संरक्षणात घ्यायची, कोठडीत ठेवायची नाही, २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायची. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं ठाणे अंमलदाराचं कर्तव्य. ११२ ला फोन करताना ‘वेडा आहे, त्रास देतोय’ म्हणू नका, ‘कलम १०० खाली मदत हवी’ म्हणा. फरक पडतो. बेघराला मानसोपचार मोफत, बीपीएल कार्ड नसलं तरी. जास्त काळ दाखल करायचं तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, म्हणजे आंबा घाट उतरून जायचं. अडचण परतीची : घरचे पत्ता बदलतात, माणूस बरा होऊनही आतच राहतो. केवळ घर नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही असं कलम १९ सांगतं, पण बाहेर ठेवायची जागा कुठं आहे?

दारूबद्दल एक इशारा. रोज पिणाऱ्याला निवाऱ्यात आणून ‘आजपासून बंद’ करू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप. यात माणूस दगावतो. अशा माणसाला दवाखान्यातच न्यावं. तिथं ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१, देतात. उपाशी दारुड्याला नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पंचगंगाकाठ

कंपाउंडरभाऊ, शेवटचं स्टेशन हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

चिखलीकर

महापूर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण पुरानं माणूस त्या आठवड्यात बेघर होत नाही, तेव्हा शाळा, मठ, मंगल कार्यालयं उघडी असतात आणि गाव जेवू घालतं. बेघर होतो तो तीन महिन्यांनी.

मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात, पाणी उतरताना पडतात. खालचे तीन-चार फूट भिजून मऊ झालेले, बाहेरून पाण्याचा दाब निघून गेला, आणि वर कौलांचं ओझं तसंच. म्हणून पाणी ओसरल्यावर लगेच आत झोपायला जाऊ नये. आधी कौलं उतरवावीत, भिंतींना टेकू द्यावा, आठ-दहा कडक उन्हं लागू द्यावीत.

पंचनाम्यात एका शब्दानं नशीब फिरतं. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात सपाट भागातलं पूर्ण पडलेलं घर, कच्चं असो की पक्कं, १,२०,००० रुपये. तेच ‘झोपडी’ म्हणून लिहिलं तर ८,०००. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो रकाना वाचा. भिंत विटा-मातीची आणि छप्पर कौलारू असेल तर ‘कच्चं घर’ लिहून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा वडिलांच्याच नावावर असेल तर पैसे अडकतात आणि चार भावांत भांडण लागतं. भाडेकरूच्या हाती कपडे-भांड्यांचे प्रत्येकी २,५०० एवढंच. आणि पुरानंतर कोरड्या भागातल्या खोल्यांची भाडी चढतात. तीन महिन्यांनी म्हणालो ते यामुळं.

दसरा_चौक_कट्टा

बरं, मान्य. पण निवारा असताना लोक तिथं जात का नाहीत? ते सांगा.

रात्रपाळी

बरोबर विचारलंत. सरकारी निकष असा : शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागं शंभर जणांची कायम सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० जण, माणशी किमान ५० चौरस फूट, चोवीस तास आणि बारा महिने उघडा. २०११ ला कोल्हापूर साडेपाच लाखांचं. म्हणजे निदान साडेपाचशे जागा हव्यात. उत्पन्न असलेल्याकडून कमाईच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाइतकं शुल्क घ्यायची मुभा आहे. आधारकार्ड नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही.

तरी लोक टाळतात. त्याची कारणं अगदी व्यवहारातली. मार्केट यार्डातला हमाल पहाटे तीनला उठतो, निवारा लांब असेल तर तो कामाजवळच झोपणार. नवरा-बायकोला वेगवेगळ्या दालनात झोपायला लागतं. हातगाडी बाहेर ठेवायला लागते आणि ती चोरीला जाते. कुत्रं आत घेत नाहीत. ढेकूण असतात. प्यायलेल्याला दारातून परत पाठवतात, म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त तोच बाहेर. कुलपाची पेटी आणि हातगाडीला साखळी लावायला एक लोखंडी दांडा, एवढ्यानंसुद्धा माणसं टिकतात.

सातबारा_उतारा

कागद परत उभे करायचा क्रम लिहून ठेवतो, उलट्या क्रमानं गेलात तर फेऱ्या वाढतात.

आधी आधार. नंबर आठवत नसेल तरी आधार सेवा केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुनं आधार सापडू शकतं. नवं काढायला जाऊ नका, दुहेरी म्हणून नाकारलं जातं. फौंड्रीत, चुन्यात, सिमेंटमध्ये काम केलेल्यांचे ठसे झिजलेले असतात. त्यांनी बुबुळाचं स्कॅन मागावं. पत्त्यासाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, पण ते तीन महिन्यांतलं हवं. त्याच वेळी नवा मोबाइल नंबर जोडून घ्या. मग जनधन खातं, मग रेशन, मग संजय गांधी निराधार. तिथं महिना १,५०० रुपये, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,०००, आणि महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्याचा पुरावा. इथंच गाडी अडते. शाळेचा जुना दाखला, जुनी मतदार यादी, दवाखान्याचा जुना केसपेपर, काहीही चालतंय का ते तहसीलमध्ये विचारून बघा. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर ते बंद पडतं.

तांबडा_पांढरा

आणि मतदार यादीत नाव कसं घालायचं? पत्ताच नाही तर?

कायदेकानू

नमुना ६ भरायचा आणि पत्त्याच्या जागी जिथं झोपतो ती जागा लिहायची, उदाहरणार्थ ‘अमुक चौक, अमुक दुकानाच्या पायरीसमोर’. पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथं येऊन माणूस खरंच झोपतो का ते बघतो, एकाहून जास्त रात्री. म्हणून अर्ज दिल्यावर जागा बदलायची नाही. शेजारी झोपणाऱ्यांना नाव सांगून ठेवायचं. आणि हे पावसाळ्यात करू नका, कारण पाऊस आला की ती पायरी रिकामी असते आणि शेरा पडतो ‘आढळून आला नाही’.

रात्रपाळी

पावसाळ्यात करायचंच असेल तर निवाऱ्याचा पत्ता घाला. मात्र निवाऱ्याच्या हजेरी वहीत रोज सही हवी. रात्री उशिरा आलेल्यांची सही राहून जाते. वही दाराशी ठेवा, ऑफिसात नको.